‘ट्रायल घेतली, तक्रार आढळली नाही’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर गेल्या आठवड्यात एका वाचकाने मोठ्या कौटुंबिक एसयूव्हीबद्दल प्रश्न विचारला होता. चालवताना स्टिअरिंग मध्येच जड होतं, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ठीक होतं, काय करावं? उत्तर चार ओळींचं होतं. पॉवर स्टिअरिंग गेलं तरी स्टिअरिंगचा चाकांशी असलेला यांत्रिक जोड तुटत नाही, गाडी वळवता येते, जोर थोडा जास्त लागतो, घाबरून जाऊ नये. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, बरोबर उत्तराला पूर्ण गुण द्यायची हाताला सवय आहे. पण ‘थोडा जास्त’ याच्यापुढे एकक नाही. एकक नसलेल्या उत्तराचा मी नेहमी अर्धा गुण कापत आले. हे पत्र त्या अर्ध्या गुणाचं आहे.

माझं वय 63, उंची पाच फूट एक इंच, आणि डाव्या मनगटाचं हाड चार वर्षांपूर्वी मोडून जुळलेलं. हे तपशील पुढे लागणार आहेत. गाडी सात आसनांची, मुलाच्या नावावर. पण नातवंडांना शाळेतून आणायचं काम माझं, त्यामुळे दिवसा ती मीच चालवते.

पावसाळी दुपार होती. शाळेमागच्या अरुंद रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागत होते. मधल्या रांगेत दोन नातवंडं, सगळ्यात मागे शेजाऱ्यांची मुलगी. वेग माणूस पळेल तेवढाच. स्टिअरिंग निम्मं फिरवलं आणि पलीकडून कुणीतरी ते धरून ठेवावं तसं झालं. मी ओढत होते आणि ते येत नव्हतं. गाडी मात्र पुढे जात होती, म्हणजे वळणाच्या बाहेर, समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत. ब्रेक दाबला. ब्रेक लागला, कारण त्याची यंत्रणा वेगळी असते आणि इंजिन चालू होतं. गाडीचं नाक भलत्या मार्गिकेत खुपसून आम्ही उभे राहिलो. ट्रकवाला थांबला, मला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे एक शब्द बोलला आणि वळसा घालून निघून गेला. मागून नातू म्हणाला, “आजी, तू वळवलं का नाहीस?”

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं एवढंसं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह पेटलं होतं, ते मला थांबल्यानंतर दिसलं. आधी कसं दिसणार, नजर ट्रककडे होती. गाडी बंद केली, चालू केली. स्टिअरिंग पिसासारखं हलकं. घरी पोचेपर्यंत मला स्वतःचीच शंका यायला लागली होती, आणि मुलाने ती पक्की केली. “आई, ओल्या हाताने निसटलं असेल.”

दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. मी सांगितलं ते असं : वळणात, कमी वेगात, स्टिअरिंगची मदत अचानक पूर्ण बंद पडली. जॉबकार्डवर लिहिलं गेलं ते असं : ‘स्टिअरिंग जड वाटते.’ ‘पडली’चं ‘वाटते’ झालं. घडलेली गोष्ट माझ्या मनात घडल्यासारखी झाली, तीही माझ्याच सहीनिशी. संध्याकाळी त्याच कार्डावर शेरा होता : ‘ट्रायल घेतली, तक्रार आढळली नाही.’ सर्व्हिस अॅडव्हायझर हसून म्हणाला, “काकू, वीस किलोमीटर चालवून पाहिली, हायवेला. लोण्यासारखी चालते. स्कॅनरमध्ये एक जुना कोड होता, तोही क्लिअर करून दिलाय.” मी आभार मानले. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःच करून ठेवलेली दोषाची नोंद. तो पुरावा पुसून आलेला आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

अकरा दिवसांनी इमारतीच्या वाहनतळात पुन्हा तेच झालं, सुदैवाने भिंतीपासून हातभर अलीकडे. पुन्हा वर्कशॉप. या वेळी मी कोड कोणता ते विचारलं. “व्होल्टेजचा काहीतरी होता, काकू. उभ्या गाडीत स्टिअरिंग फार फिरवलं की मोटर गरम होते आणि मदत कमी करते, ते नॉर्मल आहे.” मोटर गरम झाली तर मदत कमी होते, हे खरं आहे. पण ती उतरत्या क्रमाने कमी होते, दिवा विझल्यासारखी जात नाही, आणि एकदाच वळवून ती तापत नाही. शेरा तोच. कोड पुन्हा क्लिअर.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा गाडी मुलगा चालवत होता. दोन्ही हातांनी ओढून त्याने ती वळवली, कडेला घेतली आणि म्हणाला, “आई, हिला काय झालं?” त्या दिवसापासून आमच्या घरात हा दोष अधिकृत झाला.

आता त्या एककाकडे येते. शाळेतून निवृत्त होताना प्रयोगशाळेतला एक मोडीत काढलेला ताणकाटा मी मागून घेतला होता, 25 किलोपर्यंत मोजणारा. सपाट जागी गाडी उभी केली, हँडब्रेक लावला, ताणकाट्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेला अडकवला आणि काटकोनात ओढलं. इंजिन चालू असताना अडीच किलोच्या आत चाक फिरायला लागलं. मग इंजिन बंद करून, स्टिअरिंग लॉक लागू नये म्हणून किल्ली फक्त इग्निशनवर ठेवून, तसंच ओढलं. काटा पट्टीच्या टोकाला, 25 वर गेला, आणि चाक हललं नाही. पुढचं मोजायला माझ्याकडे काटा नव्हता. खरं सांगायचं तर जोरही नव्हता.

उभ्या गाडीत स्टिअरिंग सर्वांत जड असतं हे मान्य. गाडी चालू लागली की टायर घासण्याऐवजी गडगडत फिरतो आणि लागणारा जोर झपाट्याने उतरतो. हायवेवर सरळ जाताना तर मदत गेलेली कळणारही नाही. वर्कशॉपची ट्रायल हायवेवर झाली होती. गळकी बादली पालथी घालून तपासण्यातला हा प्रकार.

या जोराला नियमात मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाहनांसाठी जे नियम बनतात, त्यांतला 79 क्रमांकाचा नियम स्टिअरिंगचा आहे आणि बरेच देश तो मानतात. त्यात मोटारगाडीची एक चाचणी दिली आहे. ताशी 10 किलोमीटर वेगाने सरळ जाणारी गाडी वळवत न्यायची. यंत्रणा ठीक असेल तर 4 सेकंदांत 12 मीटर त्रिज्येच्या वळणात शिरता आलं पाहिजे आणि जोर 150 न्यूटनच्या वर जाता कामा नये. यंत्रणेत बिघाड असेल तर जोर 300 न्यूटनपर्यंत चालतो. 300 न्यूटन म्हणजे सुमारे 30 किलो वजन उचलायला लागतो तेवढा. वेळ तीच, 4 सेकंद. पण त्रिज्या? ती 12 ची 20 मीटर होते.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून परत वाचलं. मदत गेल्यावर गाडी तेवढ्या वेळात तेवढी वळणार नाही, हे नियम करणाऱ्यांनी स्वतःच मान्य केलं आहे आणि म्हणून वळण रुंद करून दिलं आहे. चाचणीच्या मैदानावर ते रुंद करता येतं. शाळेमागचा रस्ता होता तेवढाच राहतो. माझी गाडी गेली ती त्या आठ मीटरांत गेली, आणि ट्रक तिथेच होता.

‘आम्ही पूर्वी पॉवर स्टिअरिंगशिवायच गाड्या चालवल्या’ असं सांगणारे एक गृहस्थ प्रत्येक घरात असतात. आमच्याकडे ते माझे यजमान. त्यांना मी एवढंच सांगते की त्या गाड्या हातांच्या बळासाठीच बनवलेल्या होत्या. टायर अरुंद, पुढचा भार कमी, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला चारच्या वर फेरे. फेरे जास्त म्हणजे जोर कमी, हा तरफेचा हिशेब. आजच्या मोठ्या गाडीत पुढच्या चाकांवर एक टनाहून अधिक भार असतो, टायर रुंद असतात, आणि मोटर मदतीला आहे हे धरूनच फेरे तीनच्या आसपास आणलेले असतात. म्हणजे पॉवर स्टिअरिंग बंद पडलेली नवी गाडी ही जुन्या साध्या स्टिअरिंगच्या गाडीपेक्षा कितीतरी जड. जिने नसलेल्या घराची आणि जिने काढून टाकलेल्या चौथ्या मजल्याची तुलना करण्यात अर्थ नाही. (यजमानांना हे पटलेलं नाही. त्यांनी ताणकाटा ओढून पाहिला आणि ‘काटा खराब आहे’ असं जाहीर केलं.)

जुन्या पद्धतीचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग 1951 पासून विकत मिळणाऱ्या मोटारींत आहे. तेही बिघडतं, पण सांगून. पंप घूं घूं करतो, बेल्ट किंचाळतो, जमिनीवर तेलाचे थेंब दिसतात, आठवडाभर आधी हात भरून यायला लागतात. आता बहुतेक गाड्यांत तेल नाही, विजेची मोटर आहे, आणि त्याचे फायदे मी नाकारत नाही. पंप इंजिनाची ताकद सतत खात राहतो, मोटर लागेल तेव्हाच वीज घेते, इंधन वाचतं. स्टिअरिंगच्या दांड्यात एक पीळ बसणारी सळई असते. आपण किती जोर लावला हे तिच्या पिळावरून सेन्सर मोजतो आणि संगणक मोटरला तेवढी मदत करायला सांगतो. सेन्सरचा आकडा संशयास्पद वाटला किंवा वीज अपुरी पडली, तर संगणक मदत बंद करतो, कारण चुकीची मदत म्हणजे गाडी आपणहून वळणं. हा विचार मला शंभर टक्के पटतो. पटत नाही ते पुढचं. मदत बंद झाली, मग किल्ली फिरवली, संगणकाने नव्याने तपासलं, त्या क्षणी सगळं ठीक दिसलं, मदत पुन्हा चालू. दोष गेलेला नसतो, पण वर्कशॉपमध्ये पोचते ती ठणठणीत गाडी आणि एक घाबरलेली काकू.

आमच्या गाडीचा दोष शेवटी सापडला तो ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला. स्कॅनर लावण्याआधी त्याने मला वर्कशॉपमध्ये कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला. “तिन्ही वेळा काय काय चालू होतं?” आठवून सांगितलं : पाऊस, वायपर, दिवे, एसीचा पंखा पूर्ण वेगावर, गाडी जवळजवळ उभी. तो “बरं” म्हणाला आणि स्टिअरिंगच्या मोटरची अर्थची वायर गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने जोडलेली असते ती जागा शोधून काढली. मल्टिमीटरचं एक टोक त्या वायरच्या लगवर, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कडीवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे जोड उत्तम. मग मला आत बसवून म्हणाला, “आता फिरवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.” मी फिरवलं आणि आकडा 4 व्होल्टच्या जवळ गेला.

नववीच्या वर्गात हे गणित मी दर वर्षी घातलं आहे. ही मोटर जोरात काम करताना 80 अँपिअरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त 0.05 ओहम धरा. 80 गुणिले 0.05, म्हणजे 4 व्होल्ट त्या सांध्यातच संपले. संथ इंजिनावर, दिवे-पंखा-वायपर चालू असताना 13 मिळत असतील, तर मोटरच्या वाट्याला उरले 9. एवढ्या व्होल्टेजवर यंत्रणा मदत सोडून देते. मदत सोडली की प्रवाह थांबला, प्रवाह थांबला की सांध्यातली घट शून्य, आणि मीटरवर, स्कॅनरवर, सगळीकडे व्होल्टेज पूर्ण. प्रवाह नसताना वाईटातला वाईट जोडही निर्दोष दिसतो. आयुष्यभर हे फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच्या गाडीत ओळखता आलं नाही, याची मला थोडी लाज वाटते.

बोल्टखाली गंज आणि रंगाचा पापुद्रा निघाला. त्याने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग, नवीन बोल्ट, वरून ग्रीस. अर्धा तास. चार महिने झाले, स्टिअरिंग एकदाही गेलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, एका गाडीतला एक गंजका बोल्ट, त्याचं काय एवढं? मलाही तसंच वाटलं असतं. पण 2014 च्या मे महिन्यात फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेत याच कारणासाठी, म्हणजे चालत्या गाडीत विजेच्या स्टिअरिंगची मदत जाऊ शकते म्हणून, एस्केप आणि मरिनर या 2008 ते 2011 च्या 9 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, आणि 2011 ते 2013 च्या एक्स्प्लोरर, ही तीन रांगांची मोठी गाडी, जवळपास 2 लाख. (माझी गाडी त्या कंपनीची नाही, हे स्पष्ट करते.) पहिल्या गाड्यांत पिळाचा सेन्सर दगा देत होता. एक्स्प्लोररमध्ये स्टिअरिंगच्या यंत्रणेतला एक विद्युत जोड अधूनमधून सुटत होता. ‘अधूनमधून’ हा शब्द बघा. वर्कशॉपच्या दारात नेमका न सुटणारा जोड! तरीही तो पकडला गेला, गाड्या परत आल्या. अशा गोष्टी पकडल्या जातात त्या तक्रारी नोंदल्या जातात, मोजल्या जातात आणि एकाखाली एक मांडल्या जातात म्हणून.

माझ्या तीन प्रसंगांची बेरीज कंपनीच्या दप्तरी किती? शून्य. दोन जॉबकार्डं, दोन्हींवर ‘आढळली नाही’. दोन कोड, दोन्ही पुसलेले. तिसऱ्यांदा मी तिकडे गेलेच नाही. तोच बोल्ट तशाच पावसात आणखी किती गाड्यांत गंजतो आहे हे कंपनीला कळायची जी वाट होती, ती तिच्याच माणसांनी बुजवली. तीही वाईट हेतूने नाही. कार्ड संध्याकाळपर्यंत बंद व्हायला हवं, एवढाच हेतू.

म्हणून आपल्या पानावरच्या तज्ज्ञांना विनंती, पुढच्या वाचकाला ‘घाबरू नका’ याच्या जोडीने दोन-तीन कामाच्या गोष्टीही सांगाव्यात. मदत गेली तर दोन्ही हातांनी ओढा, वेग उतरवा, कडेला घ्या, पण गाडी थांबेपर्यंत किल्ली बंद करू नका. ब्रेकची मदतही जाईल आणि काही गाड्यांत स्टिअरिंग लॉकही लागेल. थांबल्यावर, पुन्हा चालू करण्याआधी, डॅशबोर्डचा फोटो काढा. काय काय चालू होतं ते लिहून ठेवा. आणि वर्कशॉपमध्ये कोड पुसू देण्याआधी तो छापून मागा. बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर त्या क्षणाचा वेग आणि व्होल्टेजही साठलेलं असतं, तेही मागा. जॉबकार्डवर आपलं वाक्य आपल्या शब्दांत लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नका. मी दोनदा केली.

कंपन्यांकडून माझी मागणी त्याहून लहान आहे. गाडीच्या पुस्तिकेत टायरमधली हवा दशांशापर्यंत दिलेली असते. तिथेच एक ओळ घाला : मदत बंद पडल्यास स्टिअरिंग फिरवायला इतके न्यूटन लागतील. शोरूममध्ये गाडी घेताना ज्याला-जिला ती चालवायची आहे, त्यांनी ताणकाटा ओढून बघावा. 30 किलोचा जोर चार सेकंद लावू शकणारे हात कुणाचे, हे नियमात लिहिलेलं नाही. माझे नाहीत. माझ्या सुनेचेही नाहीत, तिचं वय 34 आहे.

जुना बोल्ट मी एका काड्यापेटीत घालून त्या वर्कशॉपला घेऊन गेले. सर्व्हिस अॅडव्हायझर चांगला मुलगा आहे, त्याने तो नीट उलटसुलट करून पाहिला, फोटोही काढला. मी म्हटलं, मला पैसे नकोत, माफी नको, फक्त त्या दोन जॉबकार्डांवर ‘दोष नंतर सापडला’ असं लिहा आणि कुठे सापडला ते लिहा. त्याने संगणकावर बराच वेळ शोधलं आणि म्हणाला, “काकू, एकदा क्लोज झालेलं कार्ड सिस्टिममध्ये परत उघडत नाही.”

मी त्याला सांगितलं, सिस्टिम बंद करून पुन्हा चालू करून बघ.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका